ओरखडा कुणाचा, हे ठरवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वाहन विम्याचा निवृत्त सर्वेक्षक. ठोकरलेल्या गाड्या बघायच्या, ओरखडा ताजा की जुना ते ठरवायचं आणि गॅरेजवाल्याच्या इस्टिमेटमधली हवा काढायची, यात माझी सगळी नोकरी सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यात गेली. सेल्फ ड्राइव्ह म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या मोटारींचा धंदा आमच्या डोळ्यांदेखत वाढला. उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तर तो आमच्या सावंतवाडीच्या दारातच आला. धंदा वाढला याचा मला आनंदच आहे, कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. पण या धंद्यात नुकसान मोजायची जी पद्धत रूढ झाली आहे ती बघून माझ्यासारख्याचं डोकं फिरतं. कारण तिथे मोजमाप असं काही नसतंच.

माझी मुलगी आणि जावई हैदराबादला असतात. गेल्या हिवाळ्यात ते मोपाला उतरले आणि व्हॉट्सॲपवर ठरवलेली एक गाडी त्यांनी घेतली. दिवसाला १,८०० रुपये भाडं, १० हजार डिपॉझिट, दोन्ही यूपीआयने, तेही एका बाईंच्या वैयक्तिक खात्यावर. पावती नाही. गाडी रात्री पार्किंगमध्ये मिळाली. आणणाऱ्या मुलाने गाडीभोवती एक चक्कर मारून आपल्याच मोबाइलवर व्हिडिओ घेतला, तो अंधारात काय दिसला असेल ते त्यालाच ठाऊक. परत देताना मात्र दिवस होता. पोरगं सरळ जमिनीवर आडवं झालं, मोबाइलची बॅटरी लावून पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला गेलं आणि म्हणालं, "सर, ये नया है." बंपरचे साडेसहा हजार, गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहणार त्याचे ३,६००. झाले १०,१००. वरचे शंभर त्याने उदार मनाने सोडून दिले.

जावई तसा कुणाचं ऐकून घेणारा नाही. पण विमानाला दीड तास उरला होता, सोबत लहान मूल आणि बॅगा. हा सगळा व्यवहार उभा आहे तो याच दीड तासावर. गिऱ्हाइकाला विमान गाठायचं असतं, मालकाला कुठेच जायचं नसतं, आणि पैसे आधीच मालकाच्या खिशात असतात. अशा वेळी वाद घालणार कोण?

मुलीने एवढं केलं की त्या ओरखड्याचे जवळून फोटो काढून मला पाठवले. मी ते मोठे करून पाहिले. बंपरची खालची कड ही गाडीची अशी जागा, की प्रत्येक गतिरोधक आणि प्रत्येक पार्किंगचा कट्टा तिला घासून जातो. रंग दिलेल्या प्लास्टिकवरचा ताजा ओरखडा ओळखणं अवघड नसतं. त्याच्या कडेला रंगाचे बारीक कंगोरे उभे असतात, नखाने खरवडलं तर भुकटी पडते आणि आतलं प्लास्टिक कोरं, स्वच्छ दिसतं. या ओरखड्यात जांभ्याची लाल माती घट्ट बसून वाळलेली होती, कंगोरे गाडी धुऊन धुऊन गुळगुळीत झाले होते आणि रेघा एका दिशेच्या नव्हत्या. काही पुढून मागे, काही मागून पुढे. एकाच धक्क्यात असं होत नाही. खात्रीसाठी आमच्या इथल्या एका जुन्या पेंटरला फोटो दाखवले. तो क्षणभर बघून म्हणाला, "साहेबांनू, हे एकाचे ओरखडे नायत, चार जणांनी येगयेगळे केलेले आसत." बंपर उतरवून, घासून, पुन्हा रंगवायचे तो दोन हजार रुपये घेतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ह्याच कामाचे साडेतीन-चार हजार होतील. साडेसहा हजार कुठून आले ते त्या मालकालाच विचारावं लागेल.

आता हाच ओरखडा विम्याकडे आला असता तर काय झालं असतं ते सांगतो. गाडीमालकाला क्लेम फॉर्म भरावा लागला असता, फोटो द्यावे लागले असते, वर्कशॉपचं इस्टिमेट आणि शेवटी पक्कं बिल. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा वजा झाला असता, झिरो डेप म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण घेतलं नसेल तर. शिवाय पॉलिसीतली सक्तीची वजावट असते, म्हणजे दाव्यातला मालकाने स्वतः सोसायचा भाग. खासगी मोटारीचं इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर ती एक हजार रुपये, त्याहून मोठं असेल तर दोन हजार. बदललेला जुना बंपर म्हणजे सॅल्व्हेज, त्याचाही हिशेब लागतो. म्हणजे मालकाला स्वतःच्या विमा कंपनीकडून जुन्या बंपरसाठी नव्याचे पूर्ण पैसे कधीच मिळत नाहीत. भाड्याने गाडी घेणाऱ्याकडून मात्र तो ते घेतो, आणि बहुतेक वेळा बंपर बदलतही नाही. तोच बंपर, तोच ओरखडा, पुढच्या शनिवारी पुढचं गिऱ्हाईक. फिर्यादीही मालक, पंचही मालक आणि वसुली करणाराही मालकच.

"गाडी उभी राहिल्याचं भाडं" हा प्रकार तर मला कधीच पटला नाही. गाडी खरंच गॅरेजला उभी राहिली आणि तिचं पुढचं बुकिंग खरंच बुडालं, तर नुकसान झालं हे मान्य. मग गॅरेजचं जॉब कार्ड दाखवा, रद्द झालेलं बुकिंग दाखवा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, की करारात दंडाचा आकडा कितीही मोठा लिहिला तरी मिळते ती वाजवी भरपाईच. शिवाय भाड्याने घेतलेली वस्तू, सामान्य समजदार माणूस स्वतःची वस्तू जपतो तेवढ्या काळजीने वापरली की झालं, असं त्याच कायद्यातलं कलम १५१ म्हणतं. कायदा दीडशे वर्षांचा, इंग्रजांच्या काळातला. पण मोपाच्या पार्किंगमधल्या दंडांपेक्षा माणुसकीचा आहे.

दंडांवरून आठवलं. काही मालक गाडीला जीपीएस बसवतात आणि वेग अमुक एका आकड्यावर गेला की प्रत्येक वेळचे पाचशे रुपये कापतात. वेगाचा दंड करायचा अधिकार सरकारचा, तो खासगी माणसाला कुणी दिला? काही ठिकाणी डिपॉझिट म्हणून गिऱ्हाइकाची दुचाकी ठेवून घेतात, तर परदेशी पाहुण्यांकडून पासपोर्टच मागतात. आपला भारतीय पासपोर्टही धारकाच्या मालकीचा नसतो, तो भारत सरकारचा असतो, पासपोर्ट कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. तो कुणाच्या ड्रॉवरमध्ये तारण म्हणून पडणं बरोबर नाही.

मुलीच्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट मला फोटोतच दिसली, तिला ती तोवर माहीतच नव्हती. गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी प्लेट आणि त्यावर पिवळी अक्षरं लागतात. चालकासह टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे घरगुती गाडी, ती पैसे घेऊन दुसऱ्याला देता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो आणि तो नसेल तर कलम १९२-अ खाली १० हजार रुपये दंड, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. तरी आमच्या एमएच-०७ च्या पांढऱ्या प्लेटच्या गाड्याही हंगामात पलीकडे गोव्यात "भाड्याला" लागलेल्या मी पाहिल्या आहेत. गाडी आणून देणाऱ्या पोराला विचारलं तर तो सांगतो, "गाडी मामाची आहे, पोलिसांनी अडवलं तर मित्राची सांगा."

मित्राची सांगा म्हणणं सोपं आहे. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचाच. खासगी पॉलिसीत भाडं घेऊन वापरायला मनाई असते आणि परवाना नसलेली गाडी भाड्याने दिली असेल तर तृतीय पक्षाच्या, म्हणजे अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताच्या, दाव्यातही कंपनीला तो बचाव कायद्याने मिळतो. न्यायालयं पुष्कळदा जखमींचे पैसे आधी कंपनीला द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात, ते योग्यच आहे. पण गाडीचं स्वतःचं नुकसान बुडालं. मालक ते कुणाकडे मागणार? चालवणाऱ्याकडे. १० हजारांच्या डिपॉझिटवर निघालेला माणूस काही लाखांच्या भांडणात सापडतो. पर्यटकांना हे सांगायची जबाबदारी सध्या कुणाचीच नाही.

नियम नाहीत असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली केंद्राने १९८९ साली रेंट-ए-कॅब योजना आणली. तिच्यात परवाना पाच वर्षांचा, परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या, त्यातल्या निम्म्या तरी वातानुकूलित, रात्रंदिवस फोन, गाड्या उभ्या करायला जागा, अशा अटी आहेत. वाचताना अंबॅसेडरचा जमाना आठवतो. एसीची काळजी त्या योजनेने घेतली. डिपॉझिट किती घ्यावं, ते कधी परत द्यावं, नुकसान कुणी आणि कसं मोजावं, हे मी शोधत राहिलो आणि मला काही सापडलं नाही. शिवाय ५० गाड्यांच्या अटीमुळे दोन-चार गाड्यांचा प्रामाणिक मालक एक तर कुणा मोठ्या परवानाधारकाच्या छत्राखाली जातो, नाही तर पांढऱ्या प्लेटवर राहतो. ही अट कमी केली तर पुष्कळ लोक उजेडात येतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइल ॲपवाल्यांचं आणखी वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात "ॲग्रीगेटर"ची व्याख्या आली, पण ती प्रवासी आणि चालक यांना जोडणाऱ्यांची. इथे चालकच नाही, प्रवासी स्वतः चालवतो. त्यामुळे कुणाचीही गाडी कुणालाही भाड्याने मिळवून देणारं ॲप त्या व्याख्येच्या फटीतून निसटतं आणि तक्रार केली की म्हणतं, आम्ही फक्त मध्यस्थ. त्यात पडद्यावर दिसणारा दर एक, आणि पैसे भरायच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्यात प्रोटेक्शन फी, सोयीचं शुल्क, धुण्याचा खर्च असं चढत जाऊन निघणारी रक्कम दुसरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाइकाला चकवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या तेरा प्रकारांत किंमत अशी टप्प्याटप्प्याने उघड करणं बसतंच. गाड्यांच्या ॲपवर ती कुणी तपासून पाहावीत.

मुलीला मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर दिला आणि ग्राहक आयोगाचाही रस्ता सांगितला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तिला हैदराबादहून गोव्याला खेपा घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. इथवर सगळं छान. त्याच कायद्यात "अन्यायकारक करार" अशी नवी कल्पना आहे आणि तिच्या यादीत पहिलंच नाव अवाजवी डिपॉझिटचं आहे, दुसरं नुकसानाच्या प्रमाणाबाहेर असलेल्या दंडाचं. मला वाटलं, वा, हे तर आमच्यासाठीच लिहिलंय. पण पुढे वाचलं तर करारातली अट अन्यायकारक म्हणून रद्द करून घ्यायचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. त्यासाठी राज्य आयोग. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्ह्यात, अट मोडायची तर राज्याला. १० हजारांच्या डिपॉझिटसाठी राज्य आयोगाची पायरी कोण चढणार? ज्याने हे लिहिलं त्याने कधी गाडी भाड्याने घेतली नसावी.

मालकांची बाजू मला ठाऊक नाही असं कुणी समजू नये. उलट तीच मी जास्त पाहिली आहे. मोरजी, आश्वेच्या वाळूत हौसेने घातलेली जीप भरतीत अडकली की काय होतं, ते पाहायला माणसं जमतात, पण दुसऱ्या दिवशी ती टो करून आणतात तेव्हा तिच्यापाशी मी असायचो. कार्पेटखाली वाळूचा थर, फ्यूज बॉक्सच्या पिना आठवड्यात हिरव्या पडलेल्या, सीटच्या रुळांवर मिठाची पुटं. खारं पाणी एकदा वायरिंगमध्ये गेलं की ती गाडी पुन्हा कधी भरवशाची होत नाही. हप्ते फेडणाऱ्या माणसाची कंबर मोडते. क्लच जाळून आणणारे, दारू पिऊन चालवणारे, भाड्याची गाडी परस्पर गहाण टाकणारे, सगळे नमुने आहेत. ई-चलन महिन्याने मालकाच्या नावावर येतं, तोवर गिऱ्हाइकाचा फोन बंद. म्हणूनच लेखी पद्धत दोघांनाही हवी. बेदरकारपणे केलेल्या नुकसानाचे पूर्ण पैसे वसूल व्हावेतच. पण गतिरोधकाला घासलेली बंपरची कड ही वापरातली झीज आहे, आणि ती भाड्यात धरलेली असायला हवी.

माझी मागणी फार मोठी नाही. गाडी देताना आणि घेताना एक छापील फॉर्म भरावा, त्यावर गाडीची बाह्याकृती, जुन्या ओरखड्यांच्या खुणा, किलोमीटर आणि इंधन. दोघांच्या सह्या, आणि त्याच वेळी घेतलेले फोटो दोघांच्याही मोबाइलवर. हा फॉर्म नसेल तर नुकसानापोटी एक पैसाही कापता येऊ नये. कापायचा असेल तर जीएसटी नंबर असलेलं दुरुस्तीचं बिल, तेही दुरुस्ती झाल्यावर, अंदाजावर नाही. गाडीचा विमा असेल तर साध्या अपघातात गिऱ्हाइकाची जबाबदारी पॉलिसीतल्या वजावटीपुरतीच. उरलेलं डिपॉझिट ठरावीक मुदतीत त्याच खात्यावर परत. हे सगळं १९८९ च्या योजनेत घालायला संसदेची गरज नाही, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची अधिसूचना पुरते.

हे भलतंच काही मागतोय असंही नाही. युरोपात २०१५ साली तिथल्या आयोगाने आणि देशोदेशींच्या ग्राहक यंत्रणांनी पाच मोठ्या भाड्याच्या मोटार कंपन्यांना एकत्र बसवलं. कार्डावरून पैसे कापण्याआधी नुकसानाचं कारण आणि पुरावा गिऱ्हाइकाला द्यायचा, गाडी तपासायची पद्धत आणि इंधनाचे नियम स्वच्छ लिहायचे, सगळे सक्तीचे आकार धरूनच दर सांगायचा, हे त्यांनी कबूल केलं. दोन वर्षांत पाचही कंपन्यांनी आपले व्यवहार तसे बदलले. त्यापायी कुणाचा धंदा बसला नाही.

दिल्लीची अधिसूचना निघेल तेव्हा निघो. तोवर गोव्याच्या आणि आमच्या परिवहन खात्याला कुणाची परवानगी न घेता एक काम करता येईल. मोपा आणि दाबोळी विमानतळांच्या बाहेर पडायच्या दारावर, थिवी, मडगाव आणि सावंतवाडी रोड स्टेशनांवर मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत एकेक फलक लावावा. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतील तरच गाडी घ्या, नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून गाडीचा प्रकार आणि विमा बघा, दिवसाउजेडी फोटो काढा, पैसे भाडेकराराशिवाय देऊ नका, एवढंच. खाली तक्रारीचा नंबर, आणि हंगामात तरी तो उचलणारा एक माणूस. भरारी पथक पार्किंगमध्ये आठवड्यातून दोनदा फिरलं तर पांढऱ्या प्लेटच्या निम्म्या गाड्या आपोआप "मामाकडे" परत जातील.

मुलीची तक्रार हेल्पलाइनवर नोंदली गेली आहे. मालकाने अजून दुरुस्तीचं बिल दाखवलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त वाहन विमा सर्वेक्षक,
सावंतवाडी